पीटीचा तास अंगावर आला तर : सहावी ते आठवीच्या नव्या शिक्षकांसाठी

नव्या शाळेत रुजू झालात, वेळापत्रक हातात आलं आणि विज्ञान-गणिताच्या खाली ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण, सहावी ते आठवी’ हेही तुमच्याच नावापुढे दिसलं, तर दचकू नका. जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत असंच होतं. शिक्षणहक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर या विषयाला अंशकालीन निदेशक हवा. आपला पट साठ-सत्तर. प्रश्न मिटला. स्टाफरूममध्ये जो तरुण दिसेल त्याच्या गळ्यात शिट्टी.

मी मूळचा गणिताचा. शाळा यवतमाळ जिल्ह्यात, काळ्या मातीत. पहिल्या वर्षी या तासाला मी दोनच गोष्टी केल्या. ऊन असलं तर चेंडू फेकून देऊन कडुलिंबाखाली वह्या तपासल्या, आणि पाऊस असला तर वर्गात अपूर्णांक उरकले. आठवीची सहा दांडगी पोरं खेळायची, बाकी पन्नास जण भिंतीला टेकून उभे. ते वर्ष वाया गेलं. पुढे जे लिहितो आहे ते त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू सुधारत गेलेलं आहे.

चेंडू काढायच्या आधी वही काढा

पहिल्या आठवड्यात मैदानावर काही घेऊ नका, किंवा हलकंच घ्या. आधी एक साधी वही करा. प्रत्येक मुलाला अर्धं पान : सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), दमा, फिट, हृदयाचा काही त्रास, जुनं ऑपरेशन, चष्मा, आणि घरचा चालू असलेला फोन नंबर. आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, आरोग्य तपासणी पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांनी कोणाला पुढे पाठवायला सांगितलं होतं ते जुन्या नोंदीत मिळेल. उरलेलं पालकांना विचारायचं, पण सभेत नाही. सभेत कोणी सांगत नाही. संध्याकाळी घराकडून जाता जाता ओट्यावर टेकलात की माय स्वतःहून कागद काढून दाखवते.

ही वही मला एका मुलीमुळे करावी लागली. सप्टेंबरचा महिना होता. सातवीच्या पोरांना मी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तिसऱ्या फेरीत ती नडग्या धरून खाली बसली. मी लांबूनच ओरडलो, ‘नाटक नको, ऊठ.’ ती म्हणाली, ‘सर, हाडं दुखून रायले.’ हाडं दुखतात असं बारा वर्षांचं मूल सहसा म्हणत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं. रात्री तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशी तिची आई प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद घेऊन आली. सिकलसेल, एसएस. आधीच्या शाळेत सगळ्यांना माहीत होतं. दाखल्यासोबत ते कोणी लिहून पाठवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

विदर्भात, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात शिकवणार असाल तर एवढं पाठ ठेवा. एएस म्हणजे वाहक. असं मूल एरवी सगळ्यांसारखं खेळतं. फक्त कडक उन्हात त्याला दमवायचं नाही आणि पाणी सोबत ठेवायचं. एसएस म्हणजे रुग्ण. अंगातलं पाणी कमी झालं, फार दमछाक झाली, थंडी बाधली की रक्तातल्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग ते हाडाचं दुखणं सुरू होतं. अशा मुलाला घड्याळ लावून पळवायचं नाही, पावसात भिजू द्यायचं नाही, दर दहा मिनिटांनी पाणी द्यायचं आणि थांबायचं कधी हे त्याचं त्यालाच ठरवू द्यायचं. पण त्याला कायमचं झाडाखाली बसवूनही ठेवू नका. ती मुलगी पुढे दोन वर्षं आमची लगोरीची पक्की नेमबाज होती.

मैदान

मैदान नसलं तरी शाळेसमोर मोकळी जागा असतेच. जूनअखेर शाळा उघडते तेव्हा तिथे गुडघाभर गवत असतं, त्यात गाजरगवत, आणि गाजरगवतात साप. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत साफसफाईचा विषय घ्या. गाजरगवत मुलांच्या हातून उपटून घेऊ नका, अंगाला खाज सुटते, दमेकरी मुलाला त्रास होतो. दिवाळीनंतर गवत वाळलं की सराटे पडतात. लंगडी घालणाऱ्या अनवाणी पायात सराटा गेला की तो खेळ तिथेच संपला. आम्ही जुनं गोणपाट ओलं करून जमिनीवरून ओढतो, निम्मे सराटे त्याला चिकटून येतात.

काळी माती पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. भेगेत पाय गेला की घोटा मुरगळतो. दोन ट्रॉल्या मुरूम ग्रामपंचायतीकडून मिळाला तर कबड्डीपुरती जागा तयार होते. नाहीच मिळाला, तर भेगा भरा आणि धावण्याचं काम रस्त्याकडेच्या पांदणीवर हलवा. डांबरी रस्त्यावर मात्र नेऊ नका. कापसाचे ट्रॅक्टर कोणासाठी थांबत नाहीत.

रेषा आखायला फक्की विकत मिळते. पोषण आहाराच्या चुलीची राख चाळून घेतली तर तेही काम फुकटात होतं. कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर डोळा जातो.

आता माझ्या विषयाचा फायदा सांगतो. कबड्डीचं मैदान आखताना कोपरे काटकोनात येत नाहीत आणि चौकोन तिरपा होतो. बारा मीटरची दोरी घ्या. एका टोकापासून तीन मीटरवर एक गाठ, सात मीटरवर दुसरी. दोन्ही टोकं एकत्र धरा, गाठींवर दोन मुलं उभी करा आणि दोरी ताणा. तीन, चार, पाच. तीनवरच्या गाठीपाशी काटकोन. सातवीच्या पुस्तकातला पायथागोरस मुलांना खरा त्या दिवशी कळला. लहान मुलांना ११ बाय ८ मीटरचं मैदान पुरतं. पुरुषांचं १३ बाय १० असतं, ते एकदा आखून दाखवा म्हणजे टीव्हीवरचे खेळाडू किती जागा घेतात ते पोरांना समजतं.

चाळीस मिनिटांचा हिशेब

तास कागदावर चाळीस मिनिटांचा. वर्गातून बाहेर यायला, चपला काढायला, भांडायला पाच मिनिटं जातात. शेवटची पाच हात-पाय धुवायला. उरली तीस.

त्या तिसातली पहिली सहा-सात मिनिटं अंग गरम करायला. सावधान-विश्राम, एक-दो-तीन-चार हे शनिवारच्या सकाळच्या कवायतीला ठीक आहे. रोजच्या तासाला हळू धावणं, गुडघे वर उचलणं, हात फिरवणं पुरे. थंड अंगाने एकदम वाकून पायाचे अंगठे धरायला लावू नका. ताण देणं शेवटी.

मधली वीस मिनिटं हाच खरा तास. इथे माझी एकच कसोटी आहे. कोणत्याही क्षणी मैदानाकडे बघा आणि उभी असलेली मुलं मोजा. निम्म्याहून जास्त उभी असतील तर तास फसला, मग खेळ कितीही रंगात आलेला असो. खो-खोचंच बघा. एक जण पळवतो, तिघं पळतात, आठ बसलेले आणि चाळीस जण ओरडणारे. खेळ उत्तम, पण त्या चाळिसांचं काय? म्हणून आम्ही पाच-पाच जणांचे तीन छोटे खो-खो एकाच वेळी लावतो. खांबाच्या जागी वीट. नियम थोडे मोडतात, पण पाय सगळ्यांचे चालतात.

साहित्य कमी असतं हे खरं. उच्च प्राथमिक शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत क्रीडा साहित्याची तरतूद आहे, मुख्याध्यापकांना आठवण करत राहा. तोवर चार कोपरे करा. एका कोपऱ्यात लंगडी. दुसऱ्यात दोरीउड्या. तिसऱ्यात चिंध्यांच्या चेंडूने फेक-झेल. चौथ्यात कबड्डीची नुसती पकड, जोडीजोडीने, आणि जोड्या वर्गानुसार नाही तर वजनानुसार. सहावीचं पंचवीस किलोचं पोरगं आठवीच्या पंचेचाळीस किलोच्या अंगाखाली आलं तर हासळी मोडते. दर पाच मिनिटांनी शिट्टी, गट पुढच्या कोपऱ्यात. पहिल्या दोन वेळी गोंधळ होईल. तिसऱ्या वेळी शिट्टीचीही गरज पडत नाही.

रस्सीखेचला बैलाचा कासरा चालतो, फक्त मनगटाला गुंडाळू देऊ नका. सोलवटतं.

मुलांना विचारा, गावात काय खेळता. गिल्लीदांडू, बिल्लस, डाबडुबली, आट्यापाट्या. आट्यापाट्यात तर एका वेळी वीस पोरं राबतात, नुसत्या रेषा लागतात. आणि हे खेळ कमी प्रतीचे असं मनात आणू नका. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं आणि त्यांचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. तालुक्यात तिथून शिकलेले एखादे जुने क्रीडाशिक्षक असतील तर त्यांच्याकडे रविवारी चहाला जा. अर्ध्या तासात जे मिळेल ते कोणत्या प्रशिक्षणात मिळणार नाही.

मुली भिंतीला का टेकतात

सहावीत धावणारी मुलगी सातवीच्या दिवाळीनंतर अचानक ‘पोट दुखते सर’ म्हणून बसू लागते. कधी पाळी असते. कधी ओढणी सांभाळत पळायची लाज वाटते. कधी एवढंच, की मैदानाचा मधला भाग पोरांनी घेतलेला असतो.

आठवड्यातल्या निदान एका दिवशी मधलं मैदान मुलींचं, हे सत्र सुरू होतानाच जाहीर करा. ओढणी कमरेला बांधा किंवा वर्गात ठेवा, बांगड्या काढून डब्यात. पाळीचं म्हणाल तर शाळेत मॅडम असतील तर त्यांनी, नसतील तर गावच्या आशाताईंनी मुलींशी बोलावं. पाळीत खेळू नये असं काही नाही, हेही त्यांनीच सांगावं. ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी मुलीने कारण न सांगता गुण लिहायची पाटी घ्यायची, अशी सोय आम्ही केली होती. आठवड्याभरात फसली, कारण पाटी हातात दिसली की पोरं हसायला लागली. मग पाटीचं काम मुलगे-मुली सगळ्यांना आळीपाळीने लावलं. आता कोण का लिहितंय ते कोणाला कळत नाही.

ऊन

आपल्याकडे बाकी महाराष्ट्रानंतर शाळा उघडतात त्या उगाच नाही. (२१ जूनला योग दिनाचे फोटो मात्र वेळेवर मागतात, तेव्हा आपल्या वर्गांना कुलूप असतं.) फेब्रुवारी संपला की मैदानी तास सकाळच्या पहिल्या दोन तासांत आणा, मुख्याध्यापकांशी त्यासाठी भांडावं लागलं तरी. दुपारच्या खिचडीनंतर लगेच पळवू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. माठ मैदानाच्या कडेला हवा. पाणी प्यायला परवानगी मागायची नाही, हा नियम करा.

डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते म्हणालं की सावलीत, कपडे सैल, अंगाला ओलं फडकं, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूल बरळायला लागलं, अंग तापून कोरडं पडलं तर वाट बघू नका, १०८.

मोजमाप, आणि माझी एक लाजिरवाणी चूक

खेलो इंडियाच्या चाचण्या वर्षातून दोनदा घ्याव्या लागतात असं समजा. या वयाला उंची-वजनावरून बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धावणं-चालणं, बसून पुढे वाकणं, पोटाचे अर्धे उठाव, आणि पुशअप. मुलींसाठी गुडघे टेकून.

६०० मीटरसाठी ३० बाय २० मीटरचा आयत आखा. एक फेरी शंभर मीटर, सहा फेऱ्या. ५० मीटर सरळ जागा नसेल तर ४० बाय ३० चा कर्ण बरोबर ५० येतो. हे सुचल्यावर मला फार हुशार वाटलं होतं. पहिलाच मुलगा सुसाट आला आणि कोपऱ्यातल्या तारेच्या कुंपणात शिरला. कर्ण मोजला, थांबायला जागा नाही मोजली. अंतिम रेषेपुढे दहा मीटर मोकळे हवेतच. नसतील तर ३० मीटर पळवा आणि ३० मीटर असंच लिहा.

बीएमआय काढणं सोपं, किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. ३० किलो, १.४० मीटर : १५.३. आता १८.५ च्या खाली म्हणजे कुपोषित, हे मोठ्यांचं माप घेऊन मी आमचा जवळजवळ अख्खा वर्ग लाल शाईने रंगवला होता. मुलांना ते माप लागत नाही, वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्ता वेगळा असतो. उपकेंद्रातल्या सिस्टरकडून तो तक्ता घ्या. आणि वजन मोठ्याने ओरडून सांगू नका. ‘हड्डी’ आणि ‘ढोल’ ही नावं तिथूनच चिकटतात.

आरोग्याचा तास : खर्रा, दात, निळी गोळी

पावसाच्या दिवशी वर्गात हे घ्या, अपूर्णांक नको.

विदर्भात खर्ऱ्यावर न बोलता आरोग्य शिकवणं म्हणजे नाटक. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून दिलेला तो पुडा पोरं बापासाठी आणायला जातात आणि वाटेत चिमूटभर चाखतात. सुरुवात अशीच होते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि अठराच्या आतल्या मुलाला विकायला कायद्याने बंदी आहे, ती टपरी कुठे आहे ते तुम्हाला आणि सरपंचांना दोघांनाही माहीत असतं. पोस्टर चिकटवून काही होत नाही. मी एकच प्रयोग करतो. मधली तीन बोटं उभी जोडून, तोंड उघडून दातांमध्ये घालायची. साधारण कोणाचीही तीन जातात. सुपारीने गालाची आतली कातडी ताठरते, मग तोंड उघडेनासं होतं. वर्गात सगळी मुलं हसत हसत करून बघतात. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘सर, आमच्या बाबाची दोनच जाते. भाकर बी बारीक करून खाते.’ वर्ग गप्प झाला. त्यानंतर मला भाषण द्यावं लागलं नाही. त्या वडिलांना जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागाची चिठ्ठी करून दिली. तुमच्या स्वतःच्या खिशात पन्नी असेल तर हा तास दुसऱ्या शिक्षकाला द्या, पोरांना वास कळतो.

दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसले की ‘ब्रश करत नाहीस’ म्हणून झापू नका. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तो डाग घासून जात नाही. गावात कोणत्या हातपंपाचं पाणी प्यायचं ते ग्रामपंचायतीत विचारा आणि मुलांकडून त्याचा नकाशा काढून घ्या.

आठवड्याची निळी लोहगोळी खिचडी खाल्ल्यावरच, तुमच्यासमोर, पाण्यासोबत. उपाशीपोटी घेतली की मळमळते आणि मग पुढच्या आठवड्यात सगळ्या गोळ्या खिडकीबाहेर सापडतात. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घरी घबराट. सिकलसेलच्या मुलाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जंताची गोळी फेब्रुवारीत येते, चावून खायची.

लागलं-खुपलं

घोळणा फुटला तर मान मागे नाही, पुढे. नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. मुरगळलं तर चोळायचं नाही, थंड पाण्याचं फडकं आणि पाय उंच. खरचटलं तर साबण-पाणी, हळद-माती नाही. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चोखायचं नाही. पायातलं वाळं-पैंजण काढा, तो अवयव हलू न देता गाडीने थेट दवाखान्यात, मांत्रिकाकडे नाही. जवळच्या कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सापाची लस असते ते जुलैतच विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

नोंदी

या विषयाला लेखी पेपर नाही, सगळं आकारिक, म्हणजे वर्षभराच्या नोंदींवरून. म्हणून सत्राच्या शेवटी पन्नास मुलांपुढे ‘खेळात रस घेतो’ लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. मीही लिहिलंय. त्यापेक्षा तीच पहिल्या आठवड्यातली वही जवळ ठेवा आणि तासाला दोनच मुलांबद्दल एक-एक ओळ लिहा : ‘उजव्या पायाने लंगडी दहा पावलं, डाव्याने तीन.’ ‘बाद झाल्यावर भांडत नाही, आधी भांडायचा.’ ‘पाटी घेतली नाही, आज स्वतः खेळली.’ महिन्याभरात वर्ग पूर्ण होतो आणि पालक सभेत बोलायला काहीतरी असतं. आमच्याकडे एक आजोबा दर सभेला विचारतात, ‘गुरुजी, लेकराले शायेत शिकाले पाठोलं का खेयाले?’ मी त्यांच्या नातवाचं पान उघडून वाचून दाखवतो. अजून त्यांना पटलेलं नाही, पण ऐकतात शेवटपर्यंत.